गडाची झडती आणि घरातली मोटार

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी दफ्तरखान्यात मोडी कागद वाचत बसलो होतो. फोन नेहमीप्रमाणे बाहेर, बॅगेत. संध्याकाळी बाहेर येऊन बघतो तर आईचे अकरा मिस्ड कॉल. पोटात गोळाच आला. फोन लावला, तर पलीकडून पहिलं वाक्य: “आरं, घरात थेंबभर पाणी न्हाई. तुझं ते यंत्र बंद पडलंय. मी चार वेळा बटण दाबलो, काय बी होईना.”

आमचं घर गडमुडशिंगीत. कोल्हापूरच्या पूर्वेला, गांधीनगरची कापडपेठ आणि उजळाईवाडीचं विमानतळ यांच्या जवळचं गाव. मी पुण्यात पीएचडी करतो. घरी आई, आबा आणि आजी. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं मी घर ‘स्मार्ट’ केलं होतं. खालच्या हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोटार, जिन्यातला दिवा, गेटवरचा कॅमेरा, सगळं एका छोट्या रास्पबेरी पायवर चालणाऱ्या ‘होम असिस्टंट’ला जोडलं होतं. टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप चालू, भरली की बंद. आईला वर जाऊन बघायला लागत नव्हतं. पाहुण्यांना मी मोबाईलवर टाकीची पातळी दाखवायचो आणि सगळे “वा वा” म्हणायचे.

त्या दिवशी झालं एवढंच: आदल्या रात्री विजा कडाडल्या, राउटर जळला. सकाळी इंटरनेटवाल्या मुलानं नवीन राउटर बसवून दिला. त्याचं काम त्यानं चोख केलं. फक्त नव्या राउटरचं वायफायचं नाव वेगळं होतं. मोटारीचा रिले जुनंच नाव शोधत बसला. मूळचं स्टार्टरचं बटण मी जोडणीतून काढून टाकलेलं, कारण “आता त्याची काय गरज?” आईनं जे बटण चार वेळा दाबलं, त्याला मागे वायरच नव्हती.

आबांचं डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आजीचं वय ब्याऐंशी. म्हणजे दिवसभर शेजारून कळशीनं पाणी आणलं ते आईनं, आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर. दुसऱ्या दिवशी शेजारचे वायरमन मामा आले. पेटी उघडून त्यांनी विचारलं, “कुठली वायर कुठं गेलीया ते कुणाला म्हाईत हाय?” माहीत एकट्या मला होतं, आणि मी अडीचशे किलोमीटरवर.

लाज वाटायचं कारण वेगळंच होतं. माझ्या प्रबंधाचा विषयच आहे करवीर राज्याच्या कारभारातले कागद. एखादी व्यवस्था तिच्या कर्त्या माणसाशिवाय चालावी म्हणून लोक काय लिहून ठेवत होते, हा प्रश्न घेऊन मी काही वर्षं बसलोय. आणि माझ्या स्वतःच्या घराचा एक कागद नव्हता.

तर आजचा लेख त्याबद्दल. घर चालवायचं टिपण कसं लिहावं, आणि त्याबद्दल तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांकडून काय शिकता येतं.

गड चालवायची वही

‘आज्ञापत्र’ हे नाव बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेलं असतं. शिवाजी महाराजांची राजनीती सांगणारा ग्रंथ म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. ते बरोबरच आहे. पण त्यातलं दुर्गांचं प्रकरण मी पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा मला ते राजनीतीपेक्षा कामाची वही वाटलं. गडावर उद्या नवा माणूस आला तर त्यानं काय करायचं, कधी करायचं आणि का करायचं, हे त्यात लिहिलंय.

हा मजकूर १७१५ च्या सुमाराचा. परंपरेनं तो रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. लेखकाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण तो करवीरच्या संभाजी राजांच्या नावानं निघाला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या गादीचा आहे, याबद्दल वाद नाही. त्या वेळी गादीचा कारभार पन्हाळ्यावरून चालत होता. रामचंद्रपंत १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तरुण अमात्य होते. पुढे राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा मुलूख सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर होती, ‘हुकूमतपनाह’ हा किताब त्याच काळातला. म्हणजे गड कसे बांधतात, कसे जातात आणि कसे परत घेतात, हे या माणसानं चाळीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. पन्हाळाच १७०१ साली औरंगजेबाच्या हातात गेला आणि नंतर परत मिळाला.

या अनुभवाचा वास त्या मजकुराला आहे. हवेत लिहिलेलं काही नाही. चार उदाहरणं माझ्या शब्दांत सांगतो.

पहिलं पाण्याचं. गड बांधायच्या आधी पाणी बघा, हे कोणीही सांगेल. पण पुढचा मुद्दा असा, की एखादा झरा आहे आणि पाणी पुरतंय म्हणून निश्चिंत राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात, आणि नेमकं तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून साठवणीची टाकी वेगळी खोदून ठेवा आणि ते पाणी एरवी वापरू नका. थोडक्यात, ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी नेहमीची सोय बंद पडणार, हे धरूनच चला.

दुसरं दरवाज्याचं. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानलाय. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवा. पण लगेच पुढे असंही आहे, की रोजच्या वापराला लागतील तेवढेच उघडे ठेवा आणि बाकीचे चिणून टाका. दोन्ही गोष्टी एकाच दमात. जास्तीची वाट हवी, पण उघडी वाट कमीत कमी हवी. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही हे वाचून हसू येईल. वापरात नसलेली पोर्ट बंद करा, पण आत शिरायला एकाच रस्त्यावर अवलंबून राहू नका, हेच तर आपण रोज सांगतो.

तिसरं दारूगोळ्याचं. दारूचं कोठार घरांच्या जवळ नको, ओल नको. आणि नुसतं एवढ्यावर थांबलेलं नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू बाहेर काढायची, ऊन द्यायचं, परत ठेवायची. पावसाळ्याआधी तोफांना तेल-मेण द्यायचं. हे वेळापत्रक आहे. काम, त्याची मुदत आणि ते करणारा माणूस, तिन्ही एकत्र लिहिलंय. “दारू कोरडी ठेवावी” एवढं लिहिलं असतं तर ती कुणीच कोरडी ठेवली नसती.

चौथं माणसांचं. हवालदार तीन वर्षांनी बदलायचा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे फितुरी टाळणं, आणि ते खरंच आहे. त्या काळात कितीतरी किल्ले लढून गेले नाहीत, किल्लेदाराला पैसे देऊन गेले. पण याची दुसरीही एक बाजू मला दिसते. सगळे एकाच वर्षी बदलत नाहीत. हवालदार नवा आला तरी सबनीस जुना असतो. आणि दर काही वर्षांनी माणूस बदलणारच असेल, तर गडाची माहिती एकाच्या डोक्यात ठेवून भागत नाही. ती कागदावर यावीच लागते.

नियमाच्या शेजारी कारण

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे नियमाला जोडून आलेलं कारण. प्रसिद्ध उदाहरण आरमाराच्या प्रकरणातलं आहे. जहाजांना लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला परस्पर हात लावू नका. हा नियम झाला. मजकूर तिथं थांबत नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला अंत राहत नाही, हे समजावून सांगितलंय.

कारण लिहायचा फायदा काय? नियम पाळणाऱ्याला डोकं वापरता येतं. पुढे अशी परिस्थिती येते जी लिहिणाऱ्यानं पाहिलेलीच नसते. नुसता नियम असेल तर माणूस एकतर आंधळेपणानं पाळतो किंवा सरळ मोडतो. कारण माहीत असेल तर नियमाचा हेतू सांभाळून वेगळा मार्ग काढतो.

इथं इतिहासाच्या विद्यार्थ्यानं एक सावधगिरी घ्यायलाच हवी. आज्ञापत्रात लिहिलंय म्हणजे गडावर तसं होत होतं, असं समजू नका. उलट, एखादी गोष्ट करू नका असं ठासून सांगावं लागतं, तेव्हा कुणीतरी ती करत असतंच. आज्ञापत्र म्हणजे कारभार कसा असावा ते. कसा होता ते बघायला दुसरे कागद लागतात.

झडती, जाबता, रोजकीर्द

ते दुसरे कागद म्हणजे माझं रोजचं काम. आणि गंमत म्हणजे, आज संगणकवाले ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात त्याच्या बहुतेक प्रकारांना मराठी कारभारात आधीपासून नावं आहेत.

झडती म्हणजे मोजदाद. किल्ल्यावर धान्य किती, तोफा किती, गोळे किती, भांडी किती, सगळं मोजून लिहायचं. कारभार एकाकडून दुसऱ्याकडे जाताना याला फार महत्त्व. पोलिसांची ‘झडती’ आपल्याला माहीत आहे, पण शब्दाचा हा जुना अर्थ विसरलोय.

जाबता म्हणजे ठरवून दिलेली नियमांची किंवा नेमणुकांची यादी. कुणी काय करायचं, कुणाला किती द्यायचं.

रोजकीर्द म्हणजे रोजच्या रोज जे घडलं, जे दिलं-घेतलं, त्याची नोंद. तारखेनं. आज प्रोग्रॅमर ‘चेंजलॉग’ म्हणतात ते हेच.

याद म्हणजे एखाद्या विषयापुरतं टिपण.

चारांची कामं वेगळी आहेत, आणि ती वेगळीच ठेवलेली असायची. हे मला फार उशिरा कळलं. मी घरासाठी पूर्वी एकदा लिहायचा प्रयत्न केला होता. त्यात वस्तूंची यादी, मी काय काय बदललं त्याचा इतिहास, पासवर्ड, आणि मोटार बंद पडली तर काय करायचं, सगळी भेळ एकाच फाइलमध्ये. सोळा पानं झाली. मलाच त्यात काही सापडायचं नाही. झडती आणि रोजकीर्द एकाच कागदावर लिहिली तर दोन्ही निकामी होतात. मोजदाद शोधणाऱ्याला इतिहास नको असतो. आणि ज्याच्या घरात पाणी नाही त्याला दोन्ही नको असतात.

आणखी एक धडा या कागदांच्या आजच्या अवस्थेतून मिळतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात काही कोटी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही मोठी दफ्तरं आहेत. कागद टिकले, शाईही टिकली. पण विसाव्या शतकात मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली, आणि आज ती सराईत वाचणारी माणसं थोडी उरलीत. कागद आहे, पण वाचणारा नाही, तर माहिती असून नसल्यासारखी.

माझी सोळा पानं कुठं होती माहितीये? त्याच रास्पबेरी पायवर. म्हणजे घरातलं नेटवर्क बंद पडल्यावर काय करायचं हे वाचायला आधी घरातलं नेटवर्क चालू असायला पाहिजे. शिवाय ती इंग्रजीत होती. आईच्या दृष्टीनं ती मोडीतच होती म्हणा ना.

वाटी, चमचा आणि ‘बग्ज’

गडावरून घरात येऊ. मराठीत घरगुती कामाचं सगळ्यात यशस्वी टिपण कुठलं, असं विचारलं तर मी पाककृतींच्या पुस्तकांकडे बोट दाखवीन. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० चं. मधल्या साठ वर्षांत एक मोठा बदल झाला. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि १९५८ ते १९६२ च्या दरम्यान शेर, पावशेर, तोळा जाऊन किलो-ग्रॅम आले. जुन्या मापातली कृती नव्या बाईला वाचता येत होती, पण करता येत नव्हती.

‘रुचिरा’नं वाटी आणि चमचा ही मापं धरली. वाटी प्रत्येक घरात असते. तराजू नसतो. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून लिहिलं. नवीन लग्न झालेल्या, एकट्यानं संसार मांडलेल्या मुलींना ते पुस्तक का दिलं जायचं, याचं बरंचसं उत्तर इथं आहे. विचारायला जवळ कुणी नसताना ते वापरता यायचं.

दुसरं उदाहरण जरा लांबचं. १९७१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. प्रत्येक आज्ञेसाठी ठरलेला साचा: नाव, वापर, वर्णन. आणि त्यात एक शीर्षक ‘बग्ज’, म्हणजे यात काय बिघडतं ते. स्वतः बनवलेल्या वस्तूचे दोष तिच्याच पुस्तिकेत छापायचे. आपल्याकडे घरातलं यंत्र समजावून सांगताना आपण ते किती छान चालतं तेच सांगतो. ते कुठं अडतं हे सांगायला कमीपणा वाटतो. मलाही वाटत होता. पाहुण्यांना टाकीची पातळी दाखवणारा मीच तो.

एक पान

त्या प्रकारानंतर सुट्टी काढून मी घरी गेलो. लिहायला बसलो, तर पहिल्याच वाक्याला अडलो. “राउटर बदलला तर मोटार कशी चालू करायची?” याचं खरं उत्तर होतं: करता येत नाही. पाच पानं लिहिली असती तरी ते खोटंच पडलं असतं. म्हणजे आधी जोडणी बदलायला हवी होती.

वायरमन मामांना बोलावलं. मोटार एक अश्वशक्तीची. सुरू होताना ती चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून छोट्या रिलेवर मोटारीचा थेट भार टाकायचा नाही. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टर ओढायचा आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टरनं घ्यायचा, हे आधीपासून होतं. आता मध्ये एक फिरवायचा स्विच टाकला. एका बाजूला ‘आपोआप’, दुसऱ्या बाजूला ‘हात’. ‘हात’कडे फिरवला की रिले, वायफाय, रास्पबेरी पाय, मी, सगळे बाजूला, आणि जुनं हिरवं-लाल बटण परत जिवंत. खर्च फार नाही. दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. गडाला दुसरा दरवाजा.

मग पान लिहिलं. एकच. मराठीत, मोठ्या अक्षरात. पाण्याबद्दलचा भाग असा:

“पाणी चढत नसेल तर जिन्याखालच्या करड्या पेटीवरचा दांडा ‘हात’कडे फिरवा. हिरवं बटण दाबा. वीस मिनिटांत टाकी भरते. तोवर तिथून हलू नका, कारण अशा वेळी मोटार आपोआप बंद होत नाही. भरली की लाल बटण दाबा. मोटारीचा आवाज आला, पण पाणी चढलं नाही, तर लगेच बंद करा. कोरडी चालली तर जळते.”

आणि राउटरबद्दल:

“राउटर बदलला तर बसवणाऱ्याला सांगा: वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा. दोन्ही या पानाच्या मागे लिहिलंय. नाव तेच असेल तर बाकी सगळं आपणहून जोडलं जातं.”

या शेवटच्या दोन ओळी आधी लिहिलेल्या असत्या तर त्या दिवशी काहीच झालं नसतं.

आता परीक्षा. मी गच्चीवर जाऊन बसलो आणि आईला सांगितलं, मी पुण्यात आहे असं समज, फोन लागत नाही. पाच मिनिटांनी खालून हाक आली: “करड्या पेट्या दोन हायत की रं!” खरंच. एक माझी, एक जुन्या मीटरची. मला दोन वर्षांत कधी दिसली नव्हती, कारण मला माझी कुठली ते माहीत होतं. पान खोडायला लागलो तर आई म्हणाली, “लिव्ह, कुंकू लावलेली पेटी.” खंडेनवमीला तिनं शिलाई मशीन, गिरणी आणि ‘पोराचं यंत्र’ पुजलं होतं. माझ्या पेटीवर कुंकवाची दोन बोटं अजून होती, मीटरवर नव्हती. पानावर तेच लिहिलं.

दुसऱ्यांदा ती ‘हात’ या शब्दाला अडली नाही, पण आबा अडले. डोळ्याला चष्मा नव्हता. मग दांड्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत पट्ट्या लावल्या. तिसऱ्या वेळी मोटार सुरू झाली आणि आईनं वर येऊन नुसतं “जमलं” एवढं म्हटलं.

बाकीची दोन पानं माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या कुणासाठी आहेत. एक झडती: कुठलं यंत्र कुठं, कुणाला कुठला पत्ता, बॅकअप कुठल्या कार्डावर, ते शेवटचं परत चढवून कधी पाहिलं. दुसरी रोजकीर्द: तारीख, काय बदललं, का बदललं. तिची पहिली नोंद आहे ‘हात’चा स्विच. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, “आईला दिवसभर पाणी वाहावं लागलं.” पुढे कधी मला किंवा दुसऱ्या कुणाला वाटलं, की हा स्विच कशाला हवा, काढून टाकू, तर ती ओळ वाचावी लागेल.

पासवर्ड पानावर लिहावेत का, असं मित्रांनी विचारलं. वायफायचा लिहिलाय, पानाच्या मागे, आणि पान कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. बाकीचे बंद पाकिटात, आजीच्या दागिन्यांच्या डब्यात. गावातल्या घरात त्याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही.

लिहून सगळं भागतं का?

नाही. करवीर राज्याचाच पुढचा इतिहास बघा. १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथं गडकऱ्यांचा उठाव झाला. तोवर गडकरी ही पिढीजात शिबंदी झाली होती, गडाबरोबर जमिनी घराण्यांत चालत आलेल्या होत्या, आणि नव्या कारभारानं त्यांच्यावर गदा आणली तेव्हा ते उठले. आज्ञापत्रातल्या बदल्या वरच्या अधिकाऱ्यांच्या होत्या, या शिपायांच्या नव्हत्या, हे मान्य. तरीही गड आणि माणूस यांचं नातं सव्वाशे वर्षांत किती बदललं होतं ते यातून दिसतं. कागद तोच राहतो आणि व्यवस्था पुढे सरकते. कुणी परत येऊन पडताळणी केली नाही तर कागद खोटा होत जातो.

म्हणून मी एक नेम केलाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारं आणि यंत्रं पुसून पुजतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीपासून शेतातल्या ट्रॅक्टरपर्यंत सगळीकडे. त्या दिवशी मी घरीच असतो. पूजेच्या आधी घराची झडती घ्यायची. पान हातात घेऊन आईनं मोटार ‘हात’वर चालवायची, मी काही बोलायचं नाही. जिथं ती अडेल ती ओळ बदलायची. दारूला ऊन द्यायचं ते हेच.

यंदा तसं केलं. आई एकदाही अडली नाही, पण तिनं पानाच्या शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: “लाईट नसली तर वरच्या टाकीतलं पाणी जपून वापरा, पिण्याची घागर आधी भरा.” ही ओळ मला सुचली नव्हती. साठवणीचं पाणी वेगळं ठेवा, हे मी कितीदा तरी वाचलेलं होतं.

तुमच्या घरात जे यंत्र फक्त तुम्हालाच चालवता येतं, त्याचं एक पान लिहा, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. तुम्ही तेव्हा खोलीत नसावं, एवढीच अट. पुढच्या लेखात झडतीचा एक मोडी कागद ओळीओळीनं वाचू.